रिंग फिरली, काटा थांबला

ही हकिगत गळीत हंगामाच्या ऐन भरातल्या, जानेवारीतल्या एका सकाळची आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यात इथरनेट सेवा देणाऱ्या एका छोट्या कंपनीत नेटवर्कचे काम पाहतो. आमच्या ग्राहकांपैकी एका साखर कारखान्याची दोन युनिटे आहेत आणि त्यांच्यात साधारण तीस किलोमीटरचे अंतर आहे. दुसऱ्या युनिटच्या वजनकाट्यावर उसाची गाडी चढली की तिचे वजन थेट मुख्य युनिटमधल्या सर्व्हरवर नोंदले जाते आणि तिथून मान्यता आल्यावरच पावती छापली जाते. त्यामुळे दोन युनिटांमधला दुवा तुटला, की काट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. रांगेतला ऊस उन्हात वाळत असतो आणि वाळलेल्या उसाचे वजन घटते, हे तिथल्या प्रत्येक गाडीवानाला ठाऊक असते.

पुढची गोष्ट समजण्यासाठी आमच्या जाळ्याचा आकार सांगणे आवश्यक आहे. सहा स्विच, म्हणजे आलेला संदेश योग्य दिशेला पुढे पाठवणारी उपकरणे, एका कड्यात (रिंगमध्ये) जोडलेले आहेत आणि आम्ही त्यांना ठिकाणांवरून नाका, टाकी, घाट, शाळा, माळ आणि बाजार अशी नावे दिली आहेत. मुख्य युनिटमधले आमचे उपकरण नाक्याला जोडलेले आहे, तर दुसऱ्या युनिटमधले शाळेला. कारखान्याची वाहतूक एरवी नाका, टाकी, घाट, शाळा या मार्गाने जाते. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे त्यावरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, आयपी पाकिटासारखी आयुर्मर्यादा (किती टप्पे ओलांडता येतील याचा आकडा) नसते, त्यामुळे कडे पूर्ण मोकळे सोडले तर एकच फ्रेम त्यात अखंड फिरत राहते आणि जाळे काही क्षणांत गुदमरते. म्हणून कड्यातला एक दुवा मुद्दाम बंद ठेवावा लागतो. आमच्या कड्यात बाजार आणि माळ यांच्यामधला दुवा बंद असतो. दुसरीकडे कुठे फायबर तुटली, तर हा दुवा आपोआप उघडतो आणि वाहतूक उलट्या बाजूने वाहू लागते. जी.८०३२ या मानकानुसार हा पालट ५० मिलिसेकंदांत व्हावा अशी अपेक्षा असते आणि आमच्याकडे तो एरवी तसाच होतो. ग्राहकाला काही झाल्याचे कळतही नाही.

त्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने टाकी आणि घाट यांच्यामधली फायबर तोडली. हा आमच्या नित्याचा प्रसंग असल्यामुळे कोणी गडबडले नाही. तुटलेली फायबर जोडणारी स्प्लाइसिंगची गाडी निघाली, रिंगने बाजू बदलल्याचा संदेश पडद्यावर आला आणि मी चहा मागवला. पंधरा मिनिटांनी कारखान्याच्या संगणक विभागातून फोन आला, की काटा बंद आहे. रिंग फिरलेली होती, कड्यावरच्या दुसऱ्या कोणाही ग्राहकाची तक्रार नव्हती आणि मी स्वतः सहाही स्विचना पिंग करून, म्हणजे हाक मारून, पाहिले तेव्हा सहाही जणांनी तत्काळ उत्तर दिले होते. त्यामुळे मी त्यांना सांगितले, "साहेब, आमच्याकडून सगळे चालू आहे. काट्याकडचा स्विच एकदा पाहून घ्या." हे उत्तर चुकीचे होते. त्यात माझी घाई होती, हे मला पुढच्या पाऊण तासात पुरेपूर कळले.

ते गृहस्थ शांत स्वभावाचे आणि कामात नेमके होते. त्यांनी वाद घातला नाही. काट्यावरची केबल काढून त्यांनी स्वतःचा लॅपटॉप थेट आमच्या उपकरणाच्या पोर्टला लावला, मुख्य युनिटच्या सर्व्हरला ट्रेसराउट केले आणि मला परत फोन केला. ट्रेसराउटमध्ये एकही पायरी दिसत नव्हती, फक्त तारांकनांच्या ओळी येत होत्या. दुवा चालू असताना हाच आदेश दिला असता, तर त्यांना फक्त एकच पायरी दिसली असती, ती म्हणजे सर्व्हर. मधले आमचे सगळे स्विच ट्रेसराउटला अदृश्य असतात. व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेले हे साधन आयपी पाकिटाची आयुर्मर्यादा एकेकाने वाढवत नेते आणि ती जिथे संपते त्या राउटरची तक्रार गोळा करते. स्विच मात्र ती मर्यादा पाहत नाही आणि कमीही करत नाही. दोन युनिटांच्या मध्ये सहा स्विच असोत वा साठ, आयपीच्या दृष्टीने ती एकच तार असते. त्या तारेत नेमके कुठे काय तुटले आहे, हे आयपीला विचारून उपयोग नसतो.

माझ्या पिंगला उत्तरे का आली, याचा विचारही मी तेव्हाच करायला हवा होता. स्विचशी माझे बोलणे व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमधून होते, तर कारखान्याची वाहतूक ४१२ क्रमांकाच्या व्हीलॅनमधून जाते. एकाच फायबरवरून जाणारे हे दोन वेगळे रस्ते आहेत. एक मोकळा आहे म्हणून दुसराही मोकळा असेलच, असे म्हणता येत नाही. पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे होते, पण ते दिवे ४१२ विषयी काहीच सांगत नव्हते.

४१२ विषयी सांगणारे साधन आमच्याकडे होते आणि ते बोललेही होते. इथरनेटमधले जोडणीदोष शोधण्यासाठी २००७ साली ८०२.१एजी हे मानक आले आणि पुढे ते ८०२.१क्यू या मुख्य मानकात सामावले गेले. त्यानुसार सेवेच्या दोन टोकांना दोन देखरेखबिंदू बसवलेले असतात. ते एकमेकांना ठरावीक अंतराने 'मी आहे' असा संदेश पाठवत राहतात, त्या संदेशाला सीसीएम म्हणतात. आमच्याकडे हे अंतर एक सेकंदाचे आहे. साडेतीन अंतरांपर्यंत, म्हणजे साडेतीन सेकंदांत, समोरून काही आले नाही तर जोडणी तुटल्याचे जाहीर होते. अकरा दहानंतर चौथ्या सेकंदालाच दोन्ही टोकांनी तसे जाहीर केले होते. पण त्याच वेळी फायबर तुटल्यामुळे टाकी आणि घाट या स्विचांकडून चाळीसेक सूचना एकदम आल्या होत्या आणि त्या गर्दीत या दोन ओळी माझ्या नजरेतून सुटल्या. दोन्ही टोके एकमेकांना ऐकू येत नसल्याचे सांगत होती, म्हणजे दोष दोन्ही दिशांनी होता. एकच दिशा बंद पडली असती, तर ज्याला ऐकू येत नाही त्याने आपल्या जाणाऱ्या संदेशात तसा एक बिट उभा केला असता आणि समोरच्याला तो दिसला असता. पॅच कॉर्डची एकच कोअर खराब होते तेव्हा नेमके हेच घडते. इथे तसा बिट कोणाकडेच आलेला नव्हता.

आता प्रश्न होता, तो दोष कुठे आहे हे शोधण्याचा. त्यासाठी याच मानकात लिंकट्रेस आहे. मुख्य युनिटच्या टोकाने एलटीएम नावाचा संदेश सोडायचा आणि त्यात लक्ष्य म्हणून दुसऱ्या टोकाचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या पोर्टाचा स्वतःचा पत्ता, घालायचा. वाटेतला प्रत्येक स्विच तो संदेश थांबवतो, आपल्या मॅक टेबलात (कोणता पत्ता कोणत्या पोर्टाकडे आहे याच्या यादीत) ते लक्ष्य कोणत्या पोर्टाकडे आहे ते पाहतो, पाठवणाऱ्याला उत्तर देतो आणि आयुर्मर्यादा एकाने कमी करून संदेश पुढे सोडतो. साध्या फ्रेमला जी आयुर्मर्यादा नसते ती या संदेशात मुद्दाम घातलेली असते आणि तिची सुरुवात बहुधा ६४ पासून होते. सगळी उत्तरे एकदम येऊन आदळू नयेत म्हणून प्रत्येक स्विच एका सेकंदाच्या आत यादृच्छिक वेळ थांबून उत्तर देतो. त्यामुळे उत्तरे क्रमाने येत नाहीत, ती आयुर्मर्यादेच्या आकड्यावरून लावून घ्यावी लागतात. प्रत्येक उत्तरात संदेश कोणत्या पोर्टातून आत आला आणि कोणत्या पोर्टातून बाहेर गेला, हेही असते. ट्रेसराउटपेक्षा हे किती तरी अधिक बोलके आहे.

मी आदेश दिला आणि पाच सेकंद वाट पाहिली. एकही उत्तर आले नाही. नाका हा तर पहिलाच स्विच होता आणि तो मुख्य युनिटच्या उपकरणाला थेट जोडलेला होता. त्यानेही उत्तर दिले नाही, म्हणून मला क्षणभर वाटले की दोष मुख्य युनिटच्याच दारात आहे. मुख्य युनिटमधला आमचा माणूस मी फायबर पुसायला पाठवलाही. थोड्या वेळाने लक्षात आले, की नाक्याची ही शांतता दोषाची नसून अज्ञानाची होती. स्विचला पुढची वाट आधीपासून ठाऊक नसते. कोणत्या पोर्टातून कोणत्या मॅक पत्त्याची फ्रेम आत आली, एवढेच तो पाहून ठेवतो आणि त्यावरून परतीची वाट अनुमानतो. ही आठवण सहसा ३०० सेकंद टिकते. त्या काळात तो पत्ता पुन्हा दिसला नाही, तर ती पुसली जाते. शिवाय रिंग बाजू बदलते तेव्हा सगळे स्विच या आठवणी मुद्दाम एकदम पुसतात, नाहीतर वाहतूक तुटलेल्या फायबरच्या दिशेनेच जात राहिली असती. अकरा दहाला त्या पुसल्या गेल्या. त्यानंतर पलीकडच्या टोकाचे सीसीएम नाक्यापर्यंत कधीच पोहोचले नाहीत, म्हणून तो पत्ता नाक्याने पुन्हा शिकलाच नाही. ज्या पत्त्याची वाट माहीत नाही त्यासाठी आलेला एलटीएम स्विच निमूटपणे टाकून देतो आणि उत्तरही देत नाही.

म्हणजे वाट शोधण्याचे हे साधन वाट शाबूत असतानाच नीट चालते. मानक लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. जाणाऱ्या सीसीएमवरून टोकांचे पत्ते टिपून ठेवणारी आणि फार सावकाश विसरणारी एक वेगळी नोंदवही स्विचमध्ये ठेवण्याची सोय त्यांनी केली आहे, पण ती ऐच्छिक आहे. आमच्या स्विचमध्ये ती नाही. खरेदीच्या वेळी ती मागायला हवी हे आम्हाला कोणालाच सुचले नव्हते आणि सुचले असते तरी त्या किमतीत ती मिळाली असती का, याविषयी मला शंका आहे.

मी मग याच मानकातल्या लूपबॅककडे, म्हणजे एकाच यंत्राला हाक मारून उत्तर मागण्याच्या साधनाकडे, वळलो. लूपबॅकचा संदेश एलटीएमसारखा प्रत्येक स्विचपाशी थांबत नाही. तो एका विशिष्ट मॅक पत्त्याला उद्देशून गेलेल्या साध्या फ्रेमसारखा जातो, आणि स्विचला साध्या फ्रेमचा पत्ता ठाऊक नसला तर तो ती टाकून देत नाही, त्या व्हीलॅनच्या बाकीच्या सगळ्या पोर्टांतून बाहेर सोडतो. म्हणजे आठवणी पुसलेल्या जाळ्यातही लूपबॅक जिथवर रस्ता आहे तिथवर पोहोचतो. अडचण एवढीच, की ज्याला हाक मारायची त्याचा मॅक पत्ता आपल्याकडे लिहिलेला हवा. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर सहाही स्विचच्या पोर्टांच्या पत्त्यांचा तक्ता चिकटवलेला होता. मुख्य युनिटकडून मी नाक्याला हाक मारली, उत्तर आले. रिंग फिरल्यावर पुढचा स्विच बाजार होता. त्याला हाक मारली, उत्तर आले नाही. माळ आणि शाळा यांच्याकडूनही आले नाही.

नाका आणि बाजार यांच्यामधल्या दुव्यावर बोट ठेवून मी फोन उचलणारच होतो, तेवढ्यात तक्त्यावरची तारीख दिसली. बाजारचा स्विच तीन आठवड्यांपूर्वी, डिसेंबरअखेर, वीजपुरवठ्याचा भाग जळाल्यामुळे बदललेला होता आणि तो मीच बदलला होता. यंत्र बदलले की त्याचे मॅक पत्तेही बदलतात. तक्ता मात्र जुनाच होता. म्हणजे मी अशा यंत्राला हाका मारत होतो, जे भंगारात पडलेले होते. त्या मौनाचा काहीच अर्थ लावता येत नव्हता. मी व्यवस्थापनाच्या मार्गाने बाजारमध्ये शिरलो, नवे पत्ते वाचले आणि पुन्हा हाक मारली. उत्तर तरीही आले नाही, पण आता त्या मौनाला अर्थ होता.

एका टोकाकडून आलेल्या उत्तरांवर मी एवढ्यात विश्वास ठेवणार नव्हतो. दुसऱ्या युनिटमधल्या उपकरणात शिरून तिकडूनही तसेच केले. शाळेने उत्तर दिले, माळच्या दोन्ही पोर्टांनी उत्तर दिले, बाजारने दिले नाही. खातरजमेसाठी मॅक टेबलेही पाहिली. कारखान्याच्या गृहस्थांना मी लॅपटॉप लावलेलाच ठेवायला आणि सर्व्हरला पिंग चालू ठेवायला सांगितले. सर्व्हरचा मॅक पत्ता मिळत नसल्यामुळे तो लॅपटॉप पुन्हा पुन्हा एआरपीची, म्हणजे 'हा आयपी पत्ता कोणाचा?' अशी, विचारणा करत होता. ही विचारणा सगळ्यांसाठी असते, ती व्हीलॅनमध्ये जिथवर रस्ता आहे तिथवर पसरते आणि वाटेतला प्रत्येक स्विच तिच्यावरून पाठवणाऱ्याचा पत्ता शिकतो. त्यामुळे लॅपटॉपचा पत्ता कोणत्या स्विचला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, हे पाहिले की पाऊलखुणा कुठे संपतात ते कळते. शाळेला तो पत्ता ठाऊक होता. माळलाही होता, तोही शाळेच्या बाजूच्या पोर्टावर, जसा असायला हवा तसा. बाजारला विचारले तेव्हा ४१२ मध्ये एकही पत्ता नव्हता. मग मी त्याला ४१२ विषयीच विचारले. असा व्हीलॅन आपल्याकडे नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

तेव्हा सगळे एका क्षणात जुळले आणि ते जुळणे फारसे सुखद नव्हते. कारखान्याची सेवा आम्ही ऑक्टोबरमध्ये सुरू केली होती आणि तेव्हा ४१२ सहाही स्विचवर घातला होता. बाजारच्या कन्फिगरेशनचा बॅकअप दर आठवड्याला आपोआप घेतला जायचा. पण सप्टेंबरच्या अखेरीस त्याचा पासवर्ड बदलला आणि बॅकअप घेणाऱ्या यंत्रणेला तो कोणी सांगितला नाही. ती यंत्रणा दर रविवारी दार ठोठावून परत जात राहिली, आणि शेवटचा यशस्वी बॅकअप सप्टेंबरचाच राहिला. डिसेंबरमध्ये नवा स्विच बसवताना मी तोच बॅकअप चढवला. रिंग जुळली, व्यवस्थापनाचा व्हीलॅन आला, जुने सगळे ग्राहक चालू झाले आणि मी शिडी उचलून घरी गेलो. बाजारपलीकडचा दुवा एरवी बंदच असतो, त्यामुळे कारखान्याची एकही फ्रेम बाजारमधून पलीकडे जाण्याची वेळ त्या तीन आठवड्यांत आली नव्हती. रिंगचे स्वतःचे नियंत्रणसंदेश वेगळ्या व्हीलॅनमधून जातात आणि त्यांना ४१२ शी देणेघेणे नसते. फायबर तुटताच रिंगने तिचे काम चोख केले आणि कारखान्याची वाहतूक इमानेइतबारे अशा स्विचकडे वळवली, ज्याने त्या कारखान्याचे नावही ऐकलेले नव्हते.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तरी त्या दोन ओळी लिहिताना माझा हात थोडा आखडला होता, कारण अशा स्विचमध्ये ट्रंक पोर्टाच्या (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या पोर्टाच्या) परवानगीच्या यादीत नवा व्हीलॅन घालताना 'अ‍ॅड' हा शब्द विसरला, तर जुनी सगळी यादी पुसून फक्त नवा क्रमांक उरतो. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी ही चूक केलेली असते. मी ती पूर्वी केलेली होती, म्हणून ओळ दोनदा वाचून मग एंटर दाबले. दोन्ही टोकांना एकमेकांचे सीसीएम ऐकू येऊ लागले आणि दहा सेकंदांनी सूचना मिटली. बारा वाजून सत्तावीस मिनिटे झाली होती. लॅपटॉपचा पिंग चालू झाल्याचे त्या गृहस्थांनी फोनवर सांगितले. काट्यावर त्या वेळी किती गाड्या थांबल्या होत्या, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी सकाळच्या उत्तराबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "लॅपटॉप लावून ठेवायला सांगितलेत ते बरे झाले, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू."

सुटकेचा निःश्वास सोडण्याआधी मी पुन्हा लिंकट्रेस केला, कारण आता सगळ्यांना सगळ्यांच्या वाटा ठाऊक होत्या. पाचही उत्तरे आली. आयुर्मर्यादेच्या आकड्यांवरून लावल्यावर नाका, बाजार, माळ, शाळा आणि दुसऱ्या युनिटचे उपकरण असा क्रम स्वच्छ दिसला. सेवा सुरू केली तेव्हा ऑक्टोबरमध्ये घेतलेला एक लिंकट्रेस माझ्याकडे होता, पण तो नेहमीच्या वाटेचा होता, टाकी आणि घाटाचा. या उलट्या वाटेचा कधी घेतलाच नव्हता. तो घेतला असता, तर निदान डिसेंबरमध्ये स्विच बदलल्यावर पडताळून पाहायला हाताशी काही तरी राहिले असते.

संध्याकाळी साडेसहाला स्प्लाइसिंग पूर्ण झाले. फायबर तपासणाऱ्या ओटीडीआर यंत्राने जोडातली प्रकाशाची हानी मर्यादेत असल्याचे दाखवले. फायबर जोडली गेली तरी रिंग लगेच परत फिरत नाही. दुवा पुन्हा तुटत-जुळत राहिला तर वाहतूक हेलकावे खाऊ नये, म्हणून ती आधी काही मिनिटे थांबते. आमच्याकडे हा काळ पाच मिनिटांचा आहे. मी ती पाच मिनिटे पडद्यासमोर बसून मोजली. बाजार आणि माळ यांच्यामधला दुवा पुन्हा बंद झाला, सगळ्या आठवणी पुन्हा पुसल्या गेल्या आणि पुढच्याच सेकंदाच्या सीसीएमबरोबर पुन्हा लिहिल्या गेल्या.

त्या आठवड्यातल्या शनिवारी, रात्री दीड वाजता, गव्हाण चालू असतानाही काट्यावरची गर्दी थोडी ओसरते अशी वेळ कारखान्याकडून मागून घेऊन, मी रिंग हाताने उलट्या बाजूला फिरवली आणि कड्यावरच्या प्रत्येक ग्राहकाच्या सेवेचा लिंकट्रेस दोन्ही टोकांकडून घेतला. एकूण चौदा सेवा होत्या. तेरांची उत्तरे पूर्ण आली. चौदाव्या सेवेत दोन्ही टोकांकडून एकही उत्तर आले नाही. ती एका विद्यालयाची जोडणी होती आणि नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली होती, म्हणजे सप्टेंबरच्या बॅकअपमध्ये तीही नव्हती. बाजारमध्ये तिचा व्हीलॅन घातला, पुन्हा ट्रेस घेतला, रिंग सरळ केली आणि भिंतीवरचा जुना तक्ता काढून नवा चिकटवला. त्यात आता प्रत्येक सेवेपुढे दोन वाटा लिहिलेल्या आहेत, आणि बाजारचे मॅक पत्ते नव्या यंत्राचे आहेत.